मिस्त्रींनी डबा कापला

नुजहतचं लग्न त्र्याण्णव सालच्या फेब्रुवारीत झालं, मलकापूरच्या तोहिदशी. तोहिद मस्कतला एका मोठ्या गॅरेजात मेकॅनिक होता. चार-पाच महिन्यांत त्यानं बायकोलाही तिकडं नेलं आणि कोल्हापुरातल्या बागल चौकामागच्या गल्लीतलं दिलदार मिस्त्रींचं दोन खोल्यांचं घर एकदम मोठं झालं. एकुलती एक लेक गेल्यावर मिस्त्रींच्या बायकोला, इमामबीला, ते झाडूनही सरेना. ही हकिकत त्याच्या पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातली, चौऱ्याण्णव सालची.

दिलदार मिस्त्री उद्यमनगरात मोटारी बांधायचे. बांधायचे म्हणजे विहिरीवरची मोटर जळली की ती उघडून आतली जळकी तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. कुरुंदवाडपासनं लोक टेम्पोत मोटर घालून त्यांच्याकडं यायचे आणि आधी शिव्या खायचे. "मोटर काय म्हणती ते पाटीवर लिवलेलं असतंय. आधी पाटी बघायची, मग लाईट जोडायची. देवानं डोळं दिल्यात न्हवं?" असं म्हणून मिस्त्री पाटीवर स्क्रू-ड्रायव्हर आपटायचे. त्यांना स्वतःला अक्षर सहीपुरतंच यायचं. पण पाटीवरचे इंग्रजी आकडे ते डोळे मिटून बोटानं वाचायचे.

अक्षर येत नसल्यामुळं नुजहतची पत्रं शेजारचे गणपतराव गुरुजी वाचून दाखवायचे. गुरुजी माणूस देवासारखा, पण शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची हयातभराची सवय. पत्रात 'अम्मा, तुझी लई आठवण येते' असं आलं की ते कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जायचं. मध्येच थांबून ते म्हणायचे, "इथं वेलांटी ऱ्हस्व पाहिजे." इमामबीचे डोळे भरून आलेले असायचे आणि गुरुजी वेलांटीवर अडलेले असायचे. संध्याकाळी दळण आणायला गेलं की बायका विचारायच्या, "पोरगी रडतीया व्हय गं तिकडं?"

हे नुजहतला कळलं आणि तिनं तोड काढली. एका सोमवारी सकाळी तोहिदचा दोस्त सुट्टीवर आला तो मस्कतहून एक खोकं घेऊन आला. खोक्यात चंदेरी रंगाचा छोटा टेपरेकॉर्डर, एक कॅसेट आणि वायरीला लोंबणारा काळा जड डबा.

"ह्या कॅसेटमधी नुजहतवहिनी बोलल्यात," तो म्हणाला. "हा डबा म्हणजे अडॅप्टर, मामू. हा भिंतीत खुपसायचा, ही बारकी पिन मशिनीत. हिला सेल घालायला जागा न्हाय, लाईटवरच चालती. बटण दाबलं की झालं."

त्याला मलकापूरची गाडी धरायची होती. चहा न घेताच तो गेला.

सोमवार म्हणजे उद्यमनगराची सुट्टी, मिस्त्री घरीच. त्यांनी डबा भिंतीत खुपसला, कॅसेट घातली, बटण दाबलं.

"अम्मा, अब्बा, सलाम," नुजहत म्हणाली.

"वालेकुम सलाम गं माझ्या बाई," इमामबी यंत्राला म्हणाली आणि यंत्र गप्प झालं.

"काय झालं? रुसली व्हय?"

रुसली नव्हती. डबा भिंतीतून निसटून खाली पडला होता. परदेशी डब्याच्या पिना बारीक आणि मिस्त्रींच्या भिंतीतली भोकं जाड. त्यात डब्याचं वजन. मिस्त्रींनी तो परत खुपसला. "इथं सगळं बरं हाय, फकस्त..." एवढं बोलून नुजहत पुन्हा थांबली. इमामबीचा जीव टांगणीला लागला.

"फकस्त काय? अवं, फकस्त काय?"

शेवटी मिस्त्री भिंतीला टेकून उभे राहिले आणि तळहातानं डबा दाबून धरला. तेव्हा कुठं कळलं की फकस्त ऊन फार आहे.

दहा मिनिटांत हात अवघडला. तो बदलायला गेलं की लेक वाक्याच्या मध्येच मुकी व्हायची.

"हात हलवू नगासा. पोरगी थांबतीया."

"मी माणूस हाय, खुंटी न्हाय."

"लेकीसाठी अर्धा तास खुंटी व्हा की. त्यात काय अब्रू जाती व्हय?"

मिस्त्री खुंटी झाले. नुजहत सांगत होती, शेजारीण केरळची आहे, चांगली आहे, पण सगळ्यात खोबरं घालते. तिला एकदा तांबडा रस्सा करून घातला तर ती तांब्याभर पाणी प्याली आणि नवऱ्याला बोलावून तो रस्सा दाखवला. घरात कूलर आहे. तोहिद जीव लावतो. "अन् अम्मा, हल्ली मला चहाच नको वाटतोय. नुसता वास आला तरी पोटात ढवळतंय."

इमामबी ताठ बसली. "ऐकलासा?"

"ऐकलं की. तिकडचं दूध चांगलं नसंल."

"तुमाला मोटारीचंच कळतंय! माझी नुजहत चहाला नको म्हणतीया! पाळण्यातनं उतरली ती चहाच्या कपाकडं रांगली हुती!"

मिस्त्रींच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आल्यावर त्यांचा हात डब्यावरून सुटला आणि लेक पुन्हा मुकी झाली. घाईघाईनं डबा दाबला तेव्हा कॅसेटचं पहिलं अंग संपत आलं होतं.

"आता दोन गोष्टी राह्यल्या," नुजहत म्हणत होती. "एक अब्बांची, एक अम्माची. त्या दुसऱ्या अंगाला सांगते. अम्मा, तू बसून ऐक." आणि बटण आपोआप वर आलं.

इमामबीनं पदर डोळ्यांना लावला. पहिलं बाळंतपण आईकडं, ही रीत. पण मस्कत म्हणजे काही पेठ वडगाव नव्हे, की कळा सुरू झाल्यावर एस.टी.त बसून आली. नवरा पाठवेल का, येणार असली तर कधी, सगळं त्या दुसऱ्या अंगाला होतं.

"लावतो," मिस्त्री म्हणाले.

"आत्ता न्हाय. असं तुटत तुटत मला ते ऐकायचं न्हाय. नमाज पडते, चार घास खाऊ, मग निवांत ऐकू. तंवर तुमी हाताला तेल लावा."

नमाज झाली, जेवणं झाली. इमामबी "आल्ये जरा विठाबाईकडनं" म्हणून शेजारी गेली. मिस्त्री डब्याकडं बघत बसले. 'तुटत तुटत मला ऐकायचं न्हाय' हे त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. लेक म्हणायची 'अम्मा, मी येते' आणि त्यांचा हात सुटायचा नेमका 'येते'वर. नको. याचा बंदोबस्त करायलाच हवा होता.

भिंतीतली भोकं बदलावीत, तर सोमवारचा बाजार बंद. शिवाय भोकांचा काय दोष? पंखा, इस्त्री, सगळं त्यात नीट बसत आलं होतं. खोड डब्याची होती. मिस्त्रींनी तो हातात घेऊन तोलला, उलटा केला. पाठीवर आकडे होते. वर २४०. म्हणजे भिंतीतलीच लाईट, उत्तम. खाली ६. सहा अँपियर असणार. पण पुढं निघालेली वायर शेवयीसारखी. एवढ्याशा वायरीला एवढं ओझं? नाकापेक्षा मोती जड! चाळीस वर्षांत त्यांनी वायरीला असं काही लोंबत ठेवलं नव्हतं. मोटर घ्या, पंखा घ्या, वायरीच्या टोकाला पिन असते आणि पिन भिंतीत जाते. मध्ये डबा कशाला? परदेशी कंपन्यांना काय, दिसायला भारी पाहिजे.

पक्कड घेतली आणि मिस्त्रींनी डबा कापला. वायर सोलली, घरातली एक जाड पिनांची टोपी तिला बसवली, दोन्ही स्क्रू आवळले. काम असं झालं, की कुणालाही दाखवावं. पिन भिंतीत अशी बसली की ओढून निघेना. कॅसेट उलटून दुसरं अंग वर केलं, आणि फक्त सुरू होतंय का बघावं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

यंत्रानं एक हिसका दिला. आतून 'टप्प' असा आवाज आला. मग त्याच्या जाळीतून पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ निघाली आणि शांतपणे छताकडं गेली.

मिस्त्रींनी पिन उपटली. झाकण उघडलं तर कॅसेटमधली फीत आतल्या रबरी चाकाला गुंडाळून बसली होती. ओढावी तर तुटेल, आणि तुटली तर लेकीची गोष्ट तुटेल. मोटर जळून आली की मालकाची बोलती कशी बंद होते, हे त्यांनी हजारदा बघितलं होतं. आज ती जागा त्यांची होती.

बाहेर इमामबीचा आवाज आला. मिस्त्रींनी आयुष्यात बायकोशी मोठं खोटं बोलल्याची नोंद नाही, त्यामुळं सरावही नव्हता. कापलेला डबा त्यांनी फडताळातल्या पातेल्यामागं सारला, मशीनवर टॉवेल टाकला, वासासाठी ऊद लावला, आणि मीटरजवळचा फ्यूज उपटून खिशात घातला.

इमामबी आली ती विठाबाईला घेऊनच. दोघींच्या हातात जुन्या सुती साड्यांची गठडी. बाळाच्या दुपट्यांना जुनेरासारखं मऊ काही नाही, ते मागायला इमामबी गेली होती.

"ऊद कशापायी लावलासा?"

"शुक्कुरवार हाय न्हवं."

"सोमवार हाय."

"मग सोमवारचा लावला. मशीन आता लागायचं न्हाय. लाईट गेलीया."

"आमच्यात हाय की लाईट," विठाबाई म्हणाली. "पंखा सोडूनच आल्ये."

"तुमची दुसऱ्या खांबावर हाय, वैनी."

"काय बोलता, मिस्त्री! भिंतीला भिंत आमची अन् खांब दुसरा? थांबा, आमचा संग्राम जेवायला आलाय. आत्ता बोलावते."

संग्राम हा विठाबाईचा भाचा, वीज बोर्डात वायरमन. बोर्डात लागायच्या आधी दोन वर्षं तो मिस्त्रींच्याच हाताखाली काम शिकला होता. गुरूच्या घरची लाईट गेली म्हटल्यावर तो ताटावरचा उठून आला. मिस्त्री म्हणाले, "अरे, येईल आपसूक." ते त्यानं मनावर घेतलं नाही.

"आपसूक कशी येईल, मिस्त्री? तुमीच शिकवलंय, लाईटच्या कामात आपसूक काय नसतंय."

तो खांबावर चढला. चढायच्या आधी नियमाप्रमाणं त्यानं सगळ्या गल्लीची लाईट बंद केली. कोपऱ्यावरची गिरणी घरघरत थांबली. दळणाच्या रांगेतल्या बाया पिठानं पांढऱ्या झालेल्या, तशाच बघायला आल्या. दुपारच्या झोपेतून उठलेले गणपतराव गुरुजी बनियनवर आले आणि शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "कारण काय?"

"मिस्त्रींच्यात लाईट न्हाय," विठाबाई म्हणाली. "अन् नुजहतला दिवस गेल्यात, तिची कॅसेट ऐकायची राह्यलीया."

इमामबीनं कपाळावर हात मारला. विठाबाईला तिनं कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. पण सगळ्या बायांचा जीव आता त्या लाईटीत अडकला. संग्राम खांबावरून उतरला. खांब ठीक होता. गल्लीची लाईट सुरू करून तो मिस्त्रींच्या मीटरजवळ गेला.

"मिस्त्री, फ्यूज कुठाय?"

"असंल की तिथंच."

"न्हाय. रिकामी जागा हाय."

"चोरला!" विठाबाई ओरडली. "अगं बाई, दिवसाढवळ्या फ्यूज चोरला!"

हे गल्लीला पटकन पटलं. बाया आपापले फ्यूज बघायला पळाल्या. एकीनं शिडी नव्हती म्हणून पिंपावर चढून बघितला, आणि पिंप सरकलं तशी ती फ्यूज हातात घेऊनच खाली आली. मग तिच्याही घरची लाईट गेली. चोर एकच की टोळी, यावर गुरुजी बोलू लागले.

मिस्त्रींना घाम फुटला. तो पुसायला त्यांनी खिशातून रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर चिनी मातीचा पांढरा फ्यूज बाहेर आला, फरशीवर टणकन पडला आणि गडगडत संग्रामच्या पायाशी जाऊन थांबला.

बाकीचे गुरुजींच्या टोळीत गुंतले होते. संग्रामनं फ्यूजकडं बघितलं. मग मिस्त्रींकडं बघितलं. दोन वर्षांत या माणसानं त्याला एकदाही फुकट राबवलं नव्हतं, आणि चुकलं तर चारचौघांत कधी सुनावलंही नव्हतं. तो खाली वाकला, फ्यूज उचलला आणि मोठ्यानं म्हणाला, "सापडला! मीटरखाली पडला हुता. उंदरानं काढला असंल." आणि बसवून टाकला.

पंखा फिरू लागला. उंदराच्या ताकदीबद्दल बोलत गल्ली पांगली. विठाबाईही गठडी ठेवून गेली. इमामबी टॉवेलाखालच्या मशीनकडं बघत होती.

"लावा आता."

"लावतो की. पण त्या डब्याची पिन सैल हाय. मी जरा बाहीर जाऊन नीट बसवून आणतो."

इमामबी काही वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. जावा. पण सांभाळून न्या. माझी लेक हाय त्यात."

मिस्त्रींनी मशीन टॉवेलात तान्ह्या पोरासारखं गुंडाळलं आणि सायकलवरून लक्ष्मीपुरी गाठली. तिथं प्रसेनजीत कांबळेचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. मिस्त्री दहा वर्षं त्यावरून जात होते, पण आत कधी गेले नव्हते. पंधरा हॉर्सपॉवरवाल्या माणसाचं खेळण्यांच्या दुकानात काय काम? बाजार बंद होता, पण शटर अर्धं वर होतं. वाकून आत शिरताना मिस्त्रींना वाटलं, बरं झालं, मान आधीच खाली आहे.

"या, या मिस्त्री!" प्रसेनजीत उठला. "आमच्या वडिलांची विहिरीवरची मोटर तुमीच बांधलीया. अजून पाणी उचलती. बसा. काय हाय टॉवेलात?"

मिस्त्रींनी टॉवेल सोडला. प्रसेनजीतनं मशीन हुंगलं, वायर बघितली, टोकाची टोपी बघितली.

"काम झकास केलंय पिनेचं," तो म्हणाला. "डबा कुठाय?"

"कापला."

प्रसेनजीत हसला नाही. ते मिस्त्रींनी नंतर पुष्कळ दिवस लक्षात ठेवलं.

"पैला माझी कॅसेट काढ बाबा. मशीन गेलं तर गेलं. त्यात माझी पोरगी काय बोलली, ते तिच्या आईनं ऐकायचं राह्यलंय."

प्रसेनजीतनं मशीन खोललं. रबरी चाक मोकळं केलं आणि फीत नखानं एक-एक वेढा सोडवत काढली. वीतभर फितीला चुण्या पडल्या होत्या. त्या त्यानं दोन बोटांत धरून हलक्या हातानं सरळ केल्या, मग पेन्सिल घालून फीत कॅसेटमध्ये परत गुंडाळली. गुंडाळताना मिस्त्री त्याचे हात बघत होते. हात चांगला होता.

"कॅसेट वाचली," प्रसेनजीत म्हणाला. "मशीन न्हाय वाचायचं. मिस्त्री, राग मानू नका, पण एक विचारतो. तुमच्या गल्लीच्या तोंडाला डीपी हाय न्हवं? ती कशाला बसवलीया?"

"अकरा हजारची लाईट घरात कशी घेशील? डीपी ती कमी करती, मग घरात दोनशे चाळीस येती. हे काय मला शिकवतोस?"

"न्हाय. मग ह्या मशीनला दोनशे चाळीस कशी झेपंल? हे चार सेलांवर चालावं असं जनावर. सहा व्होल्टचं. हा डबा म्हंजे घरातली बारकी डीपी. पाठीवर लिवलेलं असतंय, वर दोनशे चाळीस, खाली सहा."

"सहा," मिस्त्री म्हणाले. "मला वाटलं, अँपियर."

"अन् दुसरं असं, की भिंतीतली लाईट सेकंदाला पन्नासदा मागं-पुढं हेलकावं खाती. तुमची मोटर त्याच्यावरच फिरती. पण ह्या मशीनला सेलासारखी एकाच दिशेनं जाणारी लाईट लागती. डबा आधी कमी करतो, मग सरळ करतो. भिंतीतनं येणारा लोंढा अन् पोराच्या वाटीतलं दूध, ह्यात मधी कुणीतरी बसावंच लागतंय."

 मिस्त्रींनी विचारलं, "कमी करतो तो कशानं?"

"लोखंडाच्या पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळल्याली असती. त्याचंच ते वजन."

"म्हंजे आत वायंडिंग हाय?"

"हाय की. तुमच्याच धंद्याचं."

चाळीस वर्षं ज्या गुंडाळलेल्या तारेवर पोट भरलं, लेकीचं लग्न केलं, तीच मिस्त्रींनी ओझं म्हणून कापून टाकली होती. तीही पाटी चुकीची वाचून. त्यांना कुरुंदवाडच्या, वडगावच्या सगळ्या मालकांची तोंडं आठवली आणि प्रत्येकाची मनातल्या मनात माफी मागावीशी वाटली.

"हितं लावून ऐकू का, चालती का बघाय?" प्रसेनजीतनं दुकानातला टेप पुढं ओढला.

"नको," मिस्त्री एकदम म्हणाले. "तिच्या आईच्या आधी कुणी ऐकायचं न्हाय. मीबी न्हाय."

प्रसेनजीतनं मग आपला एक जुना टेपरेकॉर्डर काढला, डब्यासकट. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, पाहिजे तंवर. फकस्त डबा..."

"कानाला खडा," मिस्त्री म्हणाले आणि खरंच कानाची पाळी धरली.

घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. इमामबी उंबऱ्यात बसली होती. तिच्यापुढं वर्तमानपत्राच्या कागदावर कापलेला काळा डबा ठेवला होता.

"पातेल्यामागं घावला," ती म्हणाली.

मिस्त्री सायकल धरून उभे राहिले. "तुला कवा कळलं?"

"दारात पाय टाकला तवाच. जळक्या तारंचा वास मला कळत न्हाय व्हय? लग्न झाल्यापासनं तुमच्या कपड्यांस्नी तोच येतोय. अन् वर ऊद लावताय!"

"मग बोलली का न्हाईस? गल्लीभर तमाशा झाला."

"तुमी जलमात पैल्यांदा खोटं बोलत हुता. म्हटलं, बघू तरी किती लांब जातंय." तिनं पदरानं तोंड झाकलं. हसत होती. मग हसू थांबवून विचारलं, "आवाज वाचला का?"

"वाचला."

"मग मशीनला जाळा की. आत या."

या टेपचा डबा भिंतीत घट्ट बसला. तरी मिस्त्रींनी तळहातानं दाबून धरला. इमामबीनं दार लोटलं आणि बटण दाबलं.

"अब्बा, आधी तुमची गोष्ट," नुजहत म्हणाली. आणि पुढं नुसती घुरघूर. चुण्या पडलेली वीतभर फीत तिथंच होती. घुरघुरीतून दोनच शब्द वर आले, 'डबा' आणि 'कापू'.

इमामबीनं फीत मागं घेतली, पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी कळलं.

"अब्बा, हात जोडते, तेवढा डबा कापू नका. पिना बारीक हायत, डबा भिंतीतनं पडणार. मग तुमी तो धरून उभं ऱ्हाणार, अम्मा वरडणार, अन् तुमी तिच्यासाठी पक्कड आणणार. मला ठावं हाय. मी हितं तेच केलं. आमच्यात बी डबा पडत हुता, मी कापला. मिस्त्रीची लेक म्हणून मोठ्या तोऱ्यात कापला. धूरच निघाला. तुमाला पाठवायची पैली मशीन त्यात गेली, ही दुसरी हाय. तोहिद म्हणतोय, सासऱ्यांना पत्रानं कळव, पण गुरुजी मोठ्यानं वाचतील म्हणून हितं सांगते. कुणाला सांगू नका."

मिस्त्री भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, ते बघायला इमामबी गेली नाही.

"अम्मा, आता तुझी," लेक पुढं म्हणाली. "तुला चहावरनंच कळलं असंल. मी सप्टेंबरात येते. तोहिदनं तिकिटाचं सांगून ठिवलंय. बाळंतपण तुझ्याजवळच. फकस्त एक कर. आत्तापासनं जुनेर गोळा करत गल्लीत फिरू नगंस. चार महिन्यांत साऱ्या कोल्हापूरला कळंल."

खोलीच्या मधोमध साड्यांची गठडी पडलेली होती. बाहेरून विठाबाईची हाक आली, "इमामबी, गिरणीवाल्या बायांनी आणि पाच साड्या दिल्यात गं! अन् गुरुजी इचारत्यात, मुलगा झाला तर नाव काय ठिवायचं?"

मिस्त्री डब्यावरचा हात न काढता वळले. "जा," ते म्हणाले, "आता तुझी पाळी."

रात्रीच्या जेवणाआधीच इमामबीनं त्यांना मशीनपुढं बसवलं आणि त्याच कॅसेटच्या पहिल्या अंगावर निरोप भरायला लावला. मिस्त्रींनी खाकरून घसा साफ केला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बेटा नुजहत, निरोप पोचला. उशिरा पोचला." एवढंच बोलून ते उठले. राहिलेला अर्धा तास इमामबी बोलली.

नुजहत सप्टेंबरच्या बारा तारखेला आली. नोव्हेंबरात मुलगी झाली, तिचं नाव अर्शिया ठेवलं. पुढं दर दोन वर्षांनी नुजहत येत राहिली. इमामबी दोन हजार तीन सालच्या चार मार्चला, मंगळवारी सकाळी वारली. नुजहत आठ दिवस आधीच आली होती, शेवटपर्यंत तिच्याशी बोलत होती. दिलदार मिस्त्री दोन हजार सहा सालच्या जुलैत गेले.